ऊसतोड टोळीच्या फडावर औषधाची पेटी: काय ठेवायचं आणि कशाला गाडी काढायची?

फडकरी_वाळवा

राम राम मंडळी. वाळवा तालुक्यात आमच्या आणि शेजारच्या तीन-चार रानांत मिळून यंदा 12 कोयत्यांची टोळी उतरणार आहे. म्हणजे तोडणारी 24 माणसं, वर लहान पोरं आठ-नऊ. खोपी रानातच. प्राथमिक आरोग्य केंद्र 7 किलोमीटर, टाके घालणारा खाजगी दवाखाना 15-16 किलोमीटरवर. पलीकडं गुऱ्हाळही चालू असतं, त्यामुळं भाजण्याचे प्रकारही धरून चाला.

विचारायचं असं:

1) पेटीत काय ठेवायचं आणि किती? नुसतं बीटाडीन, कापूस, पट्टी पुरेल का?
2) कोयता लागला तर टाके लागणार की नाही हे रानात कसं ओळखायचं? दर वेळी टीटी घ्यायचंच का? सगळे आधी हळद दाबतात, ते बरोबर का?
3) पोरांचे जुलाब आणि ताप.

मुकादमाचं म्हणणं, 'एवढ्यातेवढ्याला दवाखाना नको, दिवस मोडतो.' त्याचंही खोटं नाही, तोड बंद तर पैसा बंद. म्हणून 'डॉक्टरला दाखवा' एवढंच सांगू नका. कशाला थांबलं तर चालतं आणि कशाला अजिबात नाही, ते नेमकं सांगा.

---

टाके_पट्टी

पेटीचं औषधवाले सांगतील. मी कोयत्याचं सांगतो.

उजव्या हातात कोयता, डाव्या मुठीत ऊस. त्यामुळं वार बसतो तो डाव्या हाताच्या अंगठ्यावर, तर्जनीवर, नाहीतर खाली बुडख्याशी घाव घालताना डाव्या नडगीवर. डावखुऱ्याचं उलट. कोयत्याला धार चांगली असली की जखम सरळ, अरुंद आणि खोल होते. तोंड बारीक, रक्त थोडं, आणि माणूस चिंधी बांधून परत तोडायला लागतो. फसगत इथंच होते. रक्त किती गेलं त्यावरून जखम मोजू नका, बोट काय करतंय त्यावरून मोजा.

आधी रक्त थांबवायचं. गॉझ किंवा धुतलेलं सुती फडकं जखमेवर ठेवून तळव्यानं घट्ट दाबा, हात छातीच्या वर धरा. घड्याळ लावून 10 मिनिटं. मधे उचलून 'थांबलं का' बघायचं नाही. बघितलं की जमलेली गुठळी सुटते आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. फडकं भिजलं तर काढू नका, त्याच्यावर दुसरं ठेवा. वर दोरी आवळणं हा शेवटचा उपाय: रक्ताची चिळकांडी उडतेय आणि दाबूनही थांबत नाही तेव्हाच, आणि तेव्हाही सुतळी किंवा तार नाही, चार बोटं रुंद पट्टी. बांधल्याची वेळ हातावर पेनानं लिहा आणि सरळ 108 ला फोन.

रक्त थांबलं की धुवायचं. जखमेचं निम्मं औषध म्हणजे पाणी. 500 मिलीच्या सलाईनच्या बाटलीच्या बुचाला निर्जंतुक सुईनं तीन-चार भोकं पाडा आणि दाबा, छान पिचकारी मिळते. अख्खी बाटली एका जखमेला वापरा, काटकसर नको. सलाईन नसेल तर पिण्याचं स्वच्छ पाणी चालतं, पाटाचं नको. बीटाडीन कडेच्या कातडीला लावा, खोल जखमेत ओतू नका.

आता तपासणी. हिला दोन मिनिटं लागतात आणि तीच बहुतेक ठिकाणी राहून जाते.

जखमी बोटाचं मधलं पेर धरून ठेवा आणि फक्त शेंडा वाकवायला सांगा. मग बाकीची तीन बोटं सरळ दाबून धरा आणि जखमी बोट मधल्या सांध्यातून वाकवायला सांगा. दोन्हींच्या शिरा वेगळ्या (आपण 'शीर' म्हणतो, दवाखान्यात टेंडन म्हणतात), म्हणून दोन्ही वेगवेगळ्या बघायच्या. अंगठ्याचंही शेवटचं पेर वाकवून बघा. नंतर तुमच्या बोटाच्या विरोधात जखमी बोट सरळ ताठ करायला लावा. बोट हलतंय पण जोर लावला की कळ येते किंवा ताकद नाही, याचा अर्थ शीर अर्धी कापलेली असू शकते. आज हलणारं बोट आठ दिवसांनी मोळी उचलताना खटकन सुटतं ते यामुळंच. शेवटी डोळे मिटायला सांगून बोटाच्या शेंड्याला दोन्ही बाजूंनी गवताच्या काडीनं शिवा. एका बाजूला बधिर लागत असेल तर त्या बाजूची संवेदनेची नस गेलेली आहे. नख दाबून सोडा, दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं.

यातलं काहीही चुकीचं निघालं तर जखम अर्ध्या इंचाची असली तरी गाडी काढा, आणि साध्या टाक्यांवर समाधान मानू नका. शीर जोडायची ती पहिल्या काही दिवसांतच नीट जोडली जाते. महिन्यानं तिची टोकं आत ओढली गेलेली असतात. ही तपासणी बधिर करायच्या इंजेक्शनच्या आधी व्हायला हवी. दवाखान्यात घाई असेल तर पेशंटनं स्वतःहून सांगावं, 'आधी बोट बघा.' आणि अंगठी पहिल्या मिनिटाला काढा, सुजल्यावर ती कापावी लागते.

नडगीवर कातडीखाली लगेच हाड आहे. तिथं खोल घाव म्हणजे हाडापर्यंत गेला असं धरूनच एक्स-रे करायचा. हाडाचा टवका उडाला असेल तर ते उघडं फ्रॅक्चर झालं, त्याचे उपचार वेगळे.

टाके कधी? कडा आपोआप मिटून राहत असतील, लांबी सेंटीमीटरभर आणि खोली नसेल तर चिकटपट्टीनं कडा जवळ आणून भागतं. तोंड उघडं राहत असेल, आत पिवळी चरबी दिसत असेल किंवा सांध्यावर असेल तर टाके, आणि ते पहिल्या सहा-आठ तासांत. सकाळी लागलं आणि गाडी भरून रात्री आलं की काळ्या मातीनं माखलेली जखम घट्ट शिवणं धोक्याचं होतं, आत पू कोंडतो. अशी जखम धुऊन उघडीच ठेवतात आणि स्वच्छ राहिली तर चौथ्या-पाचव्या दिवशी शिवतात. त्या दिवशी टाके घातले नाहीत म्हणजे डॉक्टरनं टाळलं, असं नव्हे.

बोटाचा तुकडाच पडला तर: तुकडा सलाईननं धुवा, ओल्या गॉझमध्ये गुंडाळा, कोरड्या प्लास्टिक पिशवीत घालून तोंड बांधा, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. तुकड्याला थेट बर्फ लागला तर तो गोठून मरतो. आणि जवळच्या दवाखान्यात थांबत थांबत नका जाऊ. निघतानाच फोन करून विचारा, जोडणी कुठं होते.

हळदीचं: सांगलीच्या पेठेत राहून हळदीविरुद्ध बोलायचं म्हणजे अवघडच, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते. शिवाय ती रक्तात कालवून पिवळा गोळा होतो, आत काय कापलंय ते दिसत नाही आणि तो गोळा आम्हाला घासून काढावा लागतो. दुधात घाला. चहापत्ती, चुना, तंबाखू, राख यांचंही तेच.

---

औषधवाला_पलूस

फडकरी दादा, यादी अशी. 33 माणसं, एका महिन्याच्या हिशेबानं.

सलाईन 500 मिलीच्या 6 बाटल्या. निर्जंतुक गॉझ 10 बाय 10 सेंटीमीटर, 40 नग. रोलर बँडेज 4 इंची आणि 6 इंची, प्रत्येकी 6. क्रेप बँडेज 6 इंची 2, मुरगळ्यासाठी. मायक्रोपोर टेप 1 इंची 2. बीटाडीन 5 टक्के, 100 मिलीच्या 2 बाटल्या. हातमोज्यांचा एक डबा. बोथट टोकाची कात्री, चिमटा. डिजिटल थर्मामीटर, टॉर्च. कापूस थोडाच आणि तो फक्त आजूबाजूचं पुसायला. जखमेवर थेट कापूस ठेवला की तंतू चिकटतात आणि ड्रेसिंग काढताना जखम पुन्हा फाटते.

तोंडाने घ्यायचं: ओआरएसची 1 लिटरवाली पाकिटं 20, झिंक 20 मिलिग्रॅमच्या विरघळणाऱ्या गोळ्या 3 पट्ट्या, पॅरासिटामॉल 500 च्या 3 पट्ट्या, आणि पोरांसाठी पॅरासिटामॉलचं सिरप. बस्स.

काय ठेवायचं नाही ते जास्त महत्त्वाचं. अँटिबायोटिक नाही. डायक्लोफिनॅक आणि असल्या दुखऱ्या गोळ्या नाहीत: तोडणीवाली माणसं पाणी कमी पितात, ऊन खातात, त्यावर रोज दुखरी गोळी म्हणजे किडनीवर दुहेरी मार. डोळ्याचे थेंब नाहीत. हायड्रोजन पेरॉक्साईड नाही, फेस बघायला बरा वाटतो पण चांगली पेशीही जाळतो. चार वर्षांखालच्या पोरांना सर्दी-खोकल्याची मिश्र औषधं नाहीत.

सिरपबद्दल एक गोष्ट नीट वाचा, कारण काउंटरवर सगळ्यात जास्त घोटाळा यातच होतो. तेच पॅरासिटामॉल 5 मिलीत 120, 125 आणि 250 मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदीत येतं. पोराला लागतं वजनाच्या हिशेबानं, किलोमागे 15 मिलिग्रॅम. 10 किलोच्या पोराला 150 मिलिग्रॅम. म्हणजे 250 च्या बाटलीतून 3 मिली, 125 च्या बाटलीतून 6 मिली. आईला पाठ असतं 'सहा मिली', बाटली मिळते 250 ची, आणि डोस जातो दुप्पट. म्हणून पेटीत एकच ताकद ठेवा, बाटलीवर मार्करनं मोठा आकडा लिहा, आणि चहाच्या चमच्यानं न देता सोबतच्या मापानं द्या. दोन डोसांत किमान चार तास, दिवसात जास्तीत जास्त चारदा. तीन महिन्यांखालचं बाळ तापलं तर सिरप शोधत बसू नका, सरळ दवाखाना.

ओआरएसचंही मापच चुकतं. मोठं पाकीट 1 लिटरचं, छोटं 200 मिलीचं. मोठं पाकीट तांब्याभर पाण्यात ओतलं की मिठाचं प्रमाण वाढतं आणि पोराची तहान शमायच्या ऐवजी त्रास वाढतो. 'थोडं थोडं घालू' म्हणून अर्धं पाकीटही करू नका, तळाशी कुठला क्षार बसलाय सांगता येत नाही. विकतच्या पाण्याची 1 लिटरची रिकामी बाटली हेच माप, तीत अख्खं पाकीट. कालवलेलं 24 तासांत संपवा, उरलं तर ओता. पाकीट नसेल तर 1 लिटर पाण्याला साखर सपाट 6 चहाचे चमचे आणि मीठ अर्धा चमचा. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ओतून द्या.

खोक्यातली गोड सरबतं 'ओआरएस' म्हणून घेऊ नका. त्यांत साखर बरीच जास्त असते, ती आतड्यात पाणी ओढून जुलाब वाढवते. ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयनं (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं) अशा पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला मनाई केली, तरी दुकानदार सवयीनं तेच हातात देतो. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचा फॉर्म्युला लिहिलाय का बघा, लिटरला 20.5 ग्रॅम पावडर.

कुणी म्हणेल रानात खोपीत पाणी पाजून काय होतंय, सलाईन लावा. 1971 ला बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रोग्यांना हेच पाणी ड्रममधून पाजलं आणि मृत्यू झपाट्यानं खाली आले. तिथंही छपराखाली माणसं जमिनीवरच होती.

---

द्राक्षबाग_तासगाव

चांगला धागा. माझी थोडी भर. आमच्याकडं बागेत डोळ्यात काही गेलं की मेडिकलमधून थेंब आणतात, दोन दिवसांत लाली जाते. ते पेटीत एक ठेवायला काय हरकत आहे? उसाच्या पात्यानं डोळ्याला लागणं तर रोजचंच.

दुसरं म्हणजे छाटणीनंतर डोळ्यांवर (वेलीच्या काडीच्या डोळ्यांवर हो, जिथून कोंब फुटतो!) जी पेस्ट लावतात तिनं माणसांचे हात भाजतात, काहींना चेहरा लाल होऊन छातीत धडधडतं. त्यावर कुणी सांगेल का?

---

नेत्र_मिरज

हरकत आहे, आणि मोठी आहे.

उसाच्या पात्याची कड करवतीसारखी असते. ते बुबुळावर घासलं की वरचा पातळ थर खरवडला जातो, आणि पात्यावरची बुरशी तिथंच पेरली जाते. मेडिकलमधल्या 'लाली घालवणाऱ्या' थेंबांत बरेचदा डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन असतं, म्हणजे स्टेरॉइड. ते लालीही घालवतं आणि दुखणंही, कारण ते शरीराची लढाईच थांबवतं. बुरशीला रान मोकळं. दोन दिवस बरं वाटतं. आठवड्याभरात काळ्या बुबुळावर पांढरट ठिपका दिसायला लागतो, कडा पिसासारख्या विस्कटलेल्या. मग नॅटामायसिन 5 टक्क्यांचे थेंब तासातासाला, आठवडेच्या आठवडे. इतकं करूनही मधोमध डाग राहिला तर नजर अधू.

पात्यानं लागलं तर डोळा चोळू नका. स्वच्छ पाण्यानं किंवा सलाईननं धुवा. पट्टी बांधून डोळा झाकू नका, बंद दमट जागेत जंतू वाढतात. काळा चष्मा लावा. बुबुळात कुसळ रुतलेलं दिसलं तर काडीनं, पदराच्या टोकानं किंवा जिभेनं काढायला जाऊ नका. मध, एरंडेल, अंगावरचं दूध काही नाही. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडं. तिथं फ्लुरोसीनची पट्टी टेकवून निळ्या उजेडात बघतात, खरचटलेली जागा हिरवी चमकते. पाच मिनिटांचं काम आहे. सहज घ्यायच्या यादीतून डोळा कायमचा काढून टाका, इतर कशापेक्षाही.

बधिर करणारे थेंब तपासणीपुरते असतात. 'त्यानं लगेच बरं वाटलं, तेच द्या' म्हणून घरी मागू नका. ते टाकत राहिलं तर बुबुळ भरत नाही.

खरं तर 24 साधे प्लास्टिकचे चष्मे घेणं सगळ्यात स्वस्त. वापरत नाहीत कारण घामानं धूसर होतात. बाजूला हवेची छिद्रं असलेले घ्या.

---

टाके_पट्टी

तासगावकर, पेस्टचं मी सांगतो. त्यात हायड्रोजन सायनामाइड असतं. कातडीला ते भाजतंच, पण चेहरा लाल होणं, धडधड, डोकं ठणकणं, श्वास कोंडणं हे वेगळं प्रकरण आहे. हे रसायन दारू पचवण्याची वाट मधेच अडवतं आणि अॅसिटाल्डिहाइड रक्तात साठतं. म्हणजे संध्याकाळची नेहमीची क्वार्टरसुद्धा त्या माणसाला आडवा करू शकते. पेस्टच्या कामाच्या आदल्या दिवसापासून पुढं आठवडाभर दारू बंद, हे काम देतानाच सांगायचं. नायट्राइलचे लांब हातमोजे घाला, कापडी नकोत, ते भिजून रसायन कातडीशी धरून ठेवतात. अंगावर सांडलं तर कपडे काढून 15 मिनिटं पाणी. त्रास झाला तर दवाखान्यात जाताना बाटली किंवा लेबल सोबत न्या आणि दारू घेतली असेल तर ती लपवू नका.

---

फडकरी_वाळवा

सगळ्यांचे आभार. थेंब यादीतून काढले, चष्मे घातले. राहिलेले प्रश्न: टीटी, गुऱ्हाळातलं भाजणं, आणि रात्रीचं. खोपीत सगळे जमिनीवर झोपतात. सापाचं काय?

---

उपकेंद्र_ताई

दादा, एकेक घेते.

टीटी आता सरकारी दवाखान्यात टीडी नावानं येतं, धनुर्वात आणि घटसर्प दोन्हींचं. प्राथमिक केंद्रात मोफत मिळतं. दर जखमेला लागत नाही. आधीचा कोर्स पूर्ण असेल तर मातीच्या, शेणाच्या, खोल जखमेला शेवटच्या डोसला 5 वर्षं झाली असली तर एक. स्वच्छ किरकोळ जखमेला 10 वर्षं. अडचण बाप्यांची असते. बायकांना बाळंतपणात डोस मिळालेले असतात, पुरुषांना लहानपणानंतर आठवतच नाही. ज्यांना काहीच आठवत नाही त्यांना घाण जखमेत नुसतं टीडी पुरत नाही. लस ताकद तयार करायला आठवडे घेते, म्हणून तयार प्रतिपिंडांचं वेगळं इंजेक्शन (250 युनिट) दुसऱ्या जागी द्यावं लागतं. माझं ऐकाल तर टोळी उतरली की पहिल्याच आठवड्यात आरोग्यसेविकेला सांगून सगळ्यांना टीडी द्या आणि पोरांची कार्डं तपासून घ्या. बाहेरगावची पोरं गोवराच्या डोसाला हमखास चुकलेली असतात.

भाजण्याचं. गुऱ्हाळात पाण्यानं भाजणं आणि पाकानं भाजणं यात फरक आहे. काहिलीतला पाक उतरवताना पाण्याच्या उकळीपेक्षा बराच तापलेला, 115-118 अंशांच्या आसपास असतो, आणि तो चिकटतो. पाणी ओघळून जातं, पाक कातडीवर बसून भाजतच राहतो. म्हणून तो ओरबाडायला वेळ घालवू नका, कातडी सोबत येते. सरळ मोटारीच्या किंवा नळाच्या वाहत्या पाण्याखाली 20 मिनिटं. पाक पाण्यात आपोआप विरघळतो. 20 मिनिटं ऐकायला सोपी वाटतात, पण माणूस दोन मिनिटांत 'आता बरं वाटतंय' म्हणून हात काढतो. काढू देऊ नका. आधी राहून गेलं असेल तर तीन तासांपर्यंत केलं तरी उपयोग होतो. बर्फ नाही, त्यानं रक्तपुरवठा आखडतो. टूथपेस्ट, शाई, तूप, बटाट्याचा कीस नाही. अंगठ्या, कडी, पैंजण काढा. लहान पोराला धुताना भाजलेली जागा सोडून बाकी अंग पांघरुणात ठेवा, नाहीतर थंडीनं गारठतं. फोड फोडू नका. वर स्वच्छ ओलसर सुती कापड किंवा स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिकची चिकटफिल्म सैल टाका, गुंडाळून आवळू नका.

मोजमाप: पेशंटचा स्वतःचा तळवा, बोटांसकट, म्हणजे अंगाचा साधारण 1 टक्का. पोराचं तळव्याहून जास्त भाजलं, किंवा कुणाचंही चेहरा, हात, पाऊल, सांधा, जांघ भाजली, किंवा बोट-मनगटाला वेढून भाजलं, तर दवाखाना. आणि एक उलटी खूण: भाजलेली जागा पांढरी किंवा चामड्यासारखी आहे आणि *दुखत नाही*, तर ती सगळ्यात खोल भाजलेली आहे. दुखत नाही म्हणून घरी थांबतात, तसं थांबू नका.

जुलाबाचं औषधवाल्या दादांनी सांगितलंच, मी पाजायचं सांगते. दोन वर्षांखालच्या पोराला दर जुलाबामागे 50 ते 100 मिली, त्यावरच्यांना 100 ते 200. ओकलं तर 10 मिनिटं थांबा आणि पुन्हा चमच्याचमच्यानं, दोन-तीन मिनिटांनी एक. घटाघटा पाजलं की ओकतंच, आणि मग आई म्हणते पचत नाही. झिंकची एक गोळी रोज, जुलाब थांबले तरी 14 दिवस पूर्ण. (दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी.) अंगावरचं दूध आणि भात-वरण चालू ठेवा. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडा, दोन सेकंदांहून जास्त वेळ घडी तशीच राहिली, सहा तास लघवी नाही, शौचात रक्त, किंवा पोर पेंगुळलंय, पाणी पीत नाही, तर गाडी.

मुरगळ्याचं थोडक्यात. घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेला दाबून दुखत नाही आणि चार पावलं लंगडत का होईना चालता येतं, तर बहुतेक हाड शाबूत. क्रेप बँडेज, कापडातून बर्फ 15 मिनिटं, पाय उंच. चोळायचं नाही आणि पहिल्या दिवशी हाडवैद्याकडून ओढून तर मुळीच घ्यायचं नाही.

कुत्रं चावलं किंवा ओरखडलं: साबण आणि वाहतं पाणी, 15 मिनिटं, मग लस. रक्त आलं असेल तर जखमेभोवतीचं प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. ते सगळीकडं नसतं म्हणून आधी फोन करून विचारा. तिखट, चुना भरू नका. कातडीत टोचायच्या लसीचे डोस 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी असतात. टोळी 28 व्या दिवशी कुठल्या गावात असेल हे मुकादमाला आत्ताच विचारून कार्डावर लिहा.

साप. नाग आणि घोणस चावल्याचं कळतं, ठणका आणि सूज येते. खोपीत घात करतो तो मण्यार. रात्री उबेला अंथरुणात शिरतो. चावल्याचं झोपेत कळत नाही, खुणा दिसत नाहीत, सूज नाही. पहाटे माणूस म्हणतो, पोटात कळ येतेय, घसा आवळल्यासारखा झालाय. थोड्या वेळानं पापण्या जड होऊन खाली येतात, बोलणं जड होतं. त्याला ओवा-लिंबू देऊन झोपवलं तर श्वास बंद पडतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी आणि पापण्या पडतायत, तर साप असं धरूनच 108. खूण सापडेपर्यंत थांबायचं नाही. वर दोरी आवळायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. चालत नेऊ नका, चावलेला हात किंवा पाय काठीला न आवळता बांधून स्थिर ठेवा. साप मारून आणायचीही गरज नाही, आपल्याकडची लस चारही मुख्य विषारी सापांवर एकच असते. झोपायला बाजा नसतील तर निदान मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचून बांधा, आणि धान्याची पोती झोपायच्या जागेपासून लांब ठेवा. उंदीर आले की मागनं तो येतोच.

108 ला फोन करताना 'अमक्याच्या उसात' सांगून उपयोग नाही, चालक बाहेरचा असतो. डांबरी रस्त्यावरची शाळा, देऊळ किंवा वजनकाटा सांगा आणि एक माणूस टॉर्च घेऊन तिथं उभा करा.

---

औषधवाला_पलूस

ताई, विंचवाचंही एक वाक्य टाका. लाल विंचू चावून नुसता ठणका असेल तर गोष्ट वेगळी, पण घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले तर ते हृदयावर आलेलं असतं. प्राझोसिनची गोळी वेळेत मिळाली तर माणूस वाचतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं ते काम. गोळी मात्र दवाखान्यातच, बीपी बघून. पेटीत नको.

---

फडकरी_वाळवा

यादी छापून मुकादमाला दिली. आता तो एक विचारतोय: टाके घातल्यावर माणूस कामाला कधी, आणि टाके काढायला परत त्याच दवाखान्यात यावं लागतं का? फड चार दिवसांत संपतो, टोळी पुढं पलूसकडं जाते.

---

टाके_पट्टी

हे बरं विचारलं. बहुतेक बिघडतं ते इथंच.

टाके कुठल्याही दवाखान्यात, उपकेंद्रातसुद्धा काढता येतात. चेहऱ्यावरचे 5 दिवसांनी, डोक्यावरचे 7 ते 10, हाताचे 8 ते 10, पाय आणि सांध्यावरचे 10 ते 14. चिठ्ठीवर किती टाके घातले तो *आकडा* आणि काढायची तारीख लिहून घ्या, चिठ्ठीचा फोटो मुकादमाच्या मोबाइलवर. आकडा यासाठी की घामामातीत एखादा टाका आत राहून जातो, मोजले की कळतं.

पहिले 48 तास पट्टी कोरडी. हात गळ्यात बांधून वर ठेवायचा, खाली लोंबवला की ठणकतो. डाव्या हाताला टाके असतील तर टाके निघेपर्यंत तोड नाही, ऊस मुठीत धरायचा तोच हात असतो. मोळ्या बांधायलाही नको, पाचटाचा बंध आवळताना तोच ताण येतो. वाढं गोळा करणं, पाणी आणणं, गाडीची खेप मोजणं चालेल. नडगीचे टाके असतील तर तीन-चार दिवसांनी बसून करायची कामं.

रोज संध्याकाळी पट्टीच्या कडेला बघा. लाली पेनानं आखून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी रेघेच्या बाहेर गेली का बघा. बाहेर गेली, लाल रेघ मनगटाकडून वर चढली, पट्टीतून वास आला किंवा तिसऱ्या दिवसानंतर ठणका कमी व्हायच्या ऐवजी वाढला तर तारखेची वाट न बघता दाखवा. बोट अर्धवट वाकलेलं, सगळीकडून अख्खं सुजलेलं आणि सरळ करताना ओरडायला होतंय, तर त्याच रात्री. पू शिरेच्या नळीत गेलेला असतो आणि सकाळपर्यंत शीर खाऊन टाकतो.